गार बॉनेट

चष्म्याच्या दुकानात त्याला सगळे पिस्टन म्हणत. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता त्याचं सुरू व्हायचं, "हल्लीच्या नव्या गाड्या म्हणजे चाकांवरचा टीव्ही! पत्रा कागदासारखा, भाव आभाळाला. त्यापेक्षा जुनं इंजिन घ्या. दगड आहे, दगड!"

"अहो, चष्मा वाकडा बसलाय माझा."

धाकटी बहीण घरोघरी जाऊन रुग्णांचे व्यायाम घ्यायची. तिला गाडी हवी होती.

"दादा, मला नवीच बरी वाटते. त्यातलं मला काही कळत नाही."

"मला कळतं ना? मग झालं तर."

जुनी गाडी बघताना त्याचा एक नेम होता. चकार शब्द न काढता आधी बॉनेटवर तळवा ठेवायचा. गार लागलं तर पुढची बोलणी. कोमट लागलं म्हणजे विकणाऱ्याने आधीच इंजिन तापवून ठेवलंय, काहीतरी लपवतोय. मित्र चिडवायचे, "आले डॉक्टर ताप बघायला!"

बहिणीला घेऊन गेला त्या दिवशी मात्र विकणाऱ्याच्या दारात चार माणसं जमली, कुणीतरी नव्या मॉडेलचं विचारलं आणि पिस्टनला चेव चढला. दोन्ही हात हवेत नाचवत त्याने नव्या गाड्यांची सालटी काढली. तेवढ्यात विकणाऱ्याने किल्ली फिरवली.

"ऐकलंस, चिमे? मांजरासारखं घुरघुरतंय!"

घेतली गाडी.

थंडी पडली आणि गाडी सकाळी खोकायला लागली. मेकॅनिक म्हणाला, "जुनं दुखणं आहे. तापली की पळते, गार असली की हलत नाही." बहिणीने फोनवर ते जसंच्या तसं सांगितलं आणि पिस्टनला आठवलं. तळवा! तळवा ठेवलाच नव्हता.

"पेट्रोलमध्ये भेसळ असेल," तो म्हणाला. पुढच्या फोनला म्हणाला, "तुझी सुरू करायची पद्धतच चुकतेय."

तिला रुग्णांकडे पोचायला रोज उशीर होऊ लागला. कंबरेचं ऑपरेशन झालेल्या एका आजींनी तिला कळवलं, "बाई, वेळेवर येणारी दुसरी मिळाली मला." ते त्याला दाजींकडून कळलं. तेव्हाही त्याने तळव्याचं सांगितलं नाही.

मग एका दुपारी ती दुकानात आली. बाहेर नवी कोरी गाडी उभी. त्याने ज्याची सालटी काढली होती, तेच मॉडेल.

"काय पिस्टन," मालक खिदळले, "टीव्ही घरातच आला की!"

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मला विचारलं नाहीस?"

"नाही."

"भाव जास्तच दिला असशील."

"दिला. पण सकाळी चालू होते."

तो तिच्यामागे बाहेर आला. "चिमे, त्या दिवशी मी हात..."

"ठेवला नव्हतास. पाहिलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुला आता हात न लावताही कळत असेल." तिने दार उघडलं. "मेकॅनिकचं सांगितलं तेव्हा वाटलं, आता तरी म्हणशील. तर तू मलाच गाडी चालवायला शिकवायला लागलास."

त्याला तिच्याकडे बघवेना.

"बस. घरी सोडते."

बॉनेटजवळून जाताना त्याचा हात सवयीने पुढे झाला. तो त्याने खिशात घातला. सीटवरचं प्लास्टिक चुरचुरलं, समोरचा पडदा उजळला. अर्धा रस्ता गेल्यावर तिने विचारलं,

"सांग ना, कशी आहे?"

त्याने मान खाली घातली.

"मला नाही कळत गं."