जवळची वाट

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस मगनभाई पाटील घरी नसत. ब्राह्मणपुरीत केळीचे घड उतरायला आलेले असोत की नातवंडं नव्या कपड्यांसाठी हटून बसलेली असोत, हा सत्तरीकडे झुकलेला माणूस धवळ्या डोंगराच्या मध्यावर, दोन वाटा फुटतात तिथल्या काळ्या खडकाशी बसलेला असे. शेजारी पाण्याचं मडकं, मांडीवर काठी. वर देवाला निघालेली माणसं जवळ आली की ते डावा हात लांब करून म्हणत, "डावीकडे जा रे भो. लांब शे, पन डावीकडेच." दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत हेच. मग खाली पाड्यावर रूपसिंगच्या घरी जाऊन झोपायचं आणि सकाळी पुन्हा वर. पाहणाऱ्याला वाटे, म्हातारा नवस फेडतो आहे. मीही लोकांना तसंच सांगत असे, कारण खरं सांगायचं तर मला माझंही नाव घ्यावं लागलं असतं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. बदली होऊन ब्राह्मणपुरीच्या शाळेत आलो तेव्हा मगनभाईंच्या घराच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. तापीकाठची गुजर मंडळी, केळी-उसात रमलेली. घरात त्यांची गुजरी बोली आणि बाहेर अहिराणी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं आणि दुसऱ्या रविवारी मला मोटारसायकलवर मागे बसवून थेट धवळ्याच्या पायथ्याशी नेलं. पहिल्या चढावर माझ्या छातीचा भाता झाला. ते वर उभे राहून कौतुकाने बघत होते. "गुरुजी, तुम्हना मुलूख डोंगरना, आनि तुम्हीच धापा टाकी ऱ्हायनात? मी तं केळीमाधला मानूस!"

त्यांना डोंगराचं वेड लागलं होतं ते डॉक्टरमुळे. पाठ धरली म्हणून त्याने चालायला सांगितलं. शेताच्या बांधावर चालून ते कंटाळले. मग एकदा काठी गावच्या होळीला गेले असता पहाटे परतताना त्यांना धवळ्या दिसला. खाली काळा खडक, साग आणि बांबू. कमरेला चुनखडीचा पांढराशुभ्र पट्टा. आणि त्यावर गवताळ माथा, जिथे देवाचा दगड आणि निशाणं आहेत. पुढच्या आठवड्यात ते चढले, वाट चुकले आणि दिवसभर झाडोऱ्यात फिरून काट्यांनी फाटून परत आले. दुसरा कुणी असता तर पुन्हा तोंड दाखवलं नसतं. मगनभाईंनी लिंबूच्या झाडांच्या खोडांना लावायचा चुना बादलीत घेतला आणि वाटेवर बाण काढायला सुरुवात केली.

"सपाट जमीनवर मानूसले आपली उंची समजस नही," हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि दुसरं, बाण काढून झाल्यावर दोन पावलं मागे सरकून, डोळे बारीक करून म्हणायचं, "चुना खोटं बोलस नही, गुरुजी."

चुन्याची त्यांची स्वतःची कृती होती. आठवडाभर भिजवलेला चुना, त्यात बाभळीचा डिंक, मूठभर मीठ आणि थोडा गूळ. "पाच पावसाया पुसावाव नही," असं ते छातीठोक सांगत, आणि ते खरंही होतं. वर चुनखडीच्या पट्ट्यावर मात्र पांढरा बाण पांढऱ्या दगडात हरवून जाई, म्हणून तिथे ते गेरू वापरत. दोन वर्षांत पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्यांनी वाट आखली. मी त्यांच्या मागून बादली धरून चालायचो आणि वाकून नमस्कार केल्यासारखा प्रत्येक वळणावर बसायचो. खोटं कशाला बोलू, ते दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे होते.

दोन वाटा फुटतात तिथून जुनी वाट डावीकडे पांढऱ्या पट्ट्याला वळसा घालून जाते. उजवीकडून मात्र थेट पट्ट्यावर चढता येतं आणि तासभराचा वळसा वाचतो. ती वाट आम्हाला रूपसिंगनेच दाखवली. तो पायथ्याच्या पाड्यावरचा; घरात भिलोरी बोले, आमच्याशी मोडकीतोडकी मराठी. वैशाखातली दुपार होती. खडक कोरडा ठणठणीत, पाय कसा घट्ट बसत होता. मीसुद्धा न थांबता वर गेलो. खाली आल्यावर मगनभाईंनी बादलीत कुंचा बुडवला, तेव्हा रूपसिंग म्हणाला, "होळीले आम्ही इथून जातो. दिवाळीले नाय."

आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. तुच्छतेने नव्हे, आम्हाला ते गोडच वाटलं. त्यांच्या देवाची काहीतरी रीत असेल, होळीला एक वाट, दिवाळीला दुसरी. मगनभाईंनी हात जोडून म्हटलं, "तुम्हना देवले आमना नमस्कार, रूपसिंगभाऊ," आणि काळ्या खडकावर उजवीकडे तोंड केलेला हातभर लांब बाण काढला. मग कुंचा माझ्याकडे दिला. "गुरुजी, तुम्हनं अक्षर मोतीना दाणा. खाले लिखा." मी लिहिलं: जवळची वाट. शाळेतल्या फळ्यावर लिहितो तसं, वर रेघ मारून, ठसठशीत.

त्याच दिवाळीत सुनील पडला. विसरवाडीला हमरस्त्यावर पंक्चर काढायचं दुकान होतं त्याचं, वय पंचवीसच्या आतबाहेर. दोन मित्रांबरोबर तो पहिल्यांदाच डोंगरावर आला होता. मित्र मागे होते, त्यांनी त्याला बाण पाहून उजवीकडे वळताना पाहिलं. पांढऱ्या खडकावर अर्ध्यात त्याचा पाय सटकला. पाड्यावरच्या माणसांनी त्याला बांबूच्या झोळीतून खाली आणलं तेव्हा तो गेलेला होता.

रूपसिंगचा फोन दुपारी आला. मगनभाईंनी तो कानाला लावून ऐकला आणि छिन्नी-हातोडा पिशवीत टाकून मोटारसायकलला किक मारली. मी माडीवरून "थांबा, मीही येतो" म्हणत जिना उतरेपर्यंत ते गल्लीच्या बाहेर होते.

मी दुसऱ्या दिवशी पोलिसांबरोबर वर पोचलो. मगनभाई खडकाशेजारी बसले होते. बाण अजून तसाच पांढराधोप होता. त्याखालची माझी अक्षरं मात्र नव्हती. तिथे पाटाएवढी जागा छिन्नीने खरवडून सपाट केलेली होती.

"बाण कुणी काढला?" हवालदारांनी विचारलं.

"मी."

"एकट्याने?"

"मी एकला."

"आणि हे खाली काय खरवडलंय?"

"काही नही, सायेब. तठे चुना जास्त व्हयना व्हता."

मी चार हातांवर उभा होतो. नोकरी डोळ्यांपुढे आली, घरचे आले, आणि तेवढ्यात पंचनाम्यावर सह्या झाल्यासुद्धा. साक्षीदार म्हणून एक सही माझी होती, त्याच मोत्यांच्या अक्षरात.

उतरताना मी रूपसिंगवर चिडलो. माणूस स्वतःवर चिडू शकत नाही तेव्हा चिडायला कुणीतरी लागतंच. "तुला माहीत होतं तर नीट सांगायचं ना!" तो शांतपणे म्हणाला, "सांगितलं होतं. दिवाळीले तिथे पाणी झिरपतं, शेवाळ धरतं. होळीपर्यंत सुकतं." "पण तू पाण्याचं बोललाच नाहीस!" "तुम्ही विचारलं नाय. का नाय जात, ते." चुनखडी पावसाचं पाणी पोटात धरते आणि महिनोन्‌महिने सोडत राहते, हा धडा मी सातवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवत होतो.

पोलिसांचं काम आटोपल्यावर मगनभाईंनी बाण पुसायला घेतला. घासला, धुतला, पण डिंकाचा चुना हटेना. शेवटी छिन्नीने फोडला. तेव्हा कळलं की काळ्या खडकाला छिन्नी लागली की आतला फिका दगड दिसतो. बाण गेला आणि बाणाच्या आकाराची खाच उरली, दुरून दिसणारी. मगनभाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चुना खोटं बोलना नही, गुरुजी. मी बोलनू."

मी सुचवलं, वर मोठी फुली मारू, पाटी लावू. त्यांनी मान हलवली. "आते चुना नही. आते मानूस."

तेराव्यानंतर ते विसरवाडीला सुनीलच्या आईकडे एकटे गेले. ओसरीवर उभे राहून त्यांनी सांगितलं की बाण मी काढला. ती माउली रडली नाही की ओरडली नाही. फक्त म्हणाली, "आते तठे दुसरं कोनी जावाले नको, असं करा." हे मला त्यांनीच परतल्यावर सांगितलं. पुढच्या दिवाळीपासून ते खडकाशी बसू लागले.

नऊ दिवाळ्या ते बसले. तरुण पोरं मोबाइल समोर धरून हसत जात, "आजोबा, शॉर्टकट कुठंय?" म्हणत. मगनभाई रागावत नसत. "शॉर्टकट मीच काढेल व्हता," ते म्हणत, "म्हनून सांगस. डावीकडे जा." एखादा हट्टाने उजवीकडे निघाला तर काठी आडवी धरून वाटेत उभे राहत. त्या नऊ दिवाळ्यांत उजवीकडे कुणी गेलं नाही. मी दर वर्षी एक दिवस त्यांच्यासाठी डबा घेऊन जायचो, शेजारी बसायचो आणि त्या खरवडलेल्या जागेकडे पाठ करून जेवायचो. अक्षरांचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. मला त्यांची लाज वाटायची आणि त्यांच्यावर मायाही होती. दोन्ही मिळून मी गप्प राहायचो.

या श्रावणात ते अंथरुणाला खिळले. शहाद्याच्या दवाखान्यात मी रोज संध्याकाळी जाऊन बसे. एका संध्याकाळी धीर करून विचारलं, "मगनभाई, तुम्ही आधी माझी अक्षरं का खरवडलीत? बाण तर तसाच ठेवलात."

त्यांना बोलताना धाप लागत होती. "बाण तं माले लपाडाना नव्हता. पन तुम्हले पोरेसले शिकाडानं शे, गुरुजी. कुंचा मी दिधा व्हता." मग पुन्हा मला चिडवायची जुनी खोड आली. "आनि तुम्हनाघाई डोंगर चढावस कोठे?"

दोन दिवसांनी ते गेले. तापीच्या काठावर त्यांना अग्नी दिला तेव्हा रूपसिंग पाड्यावरची पाच माणसं घेऊन आला होता. परत जाताना त्याने मगनभाईंची काठी मागून घेतली आणि ती माझ्या हातात दिली.

मागच्या आठवड्यात मी विसरवाडीची एसटी धरली. सुनीलची आई आता दुकानाशेजारीच चहाची टपरी चालवते. मी माझं नाव सांगितलं, शाळा सांगितली. मग सांगितलं की बाणाखाली अक्षरं होती, ती मी लिहिली होती, आणि मगनभाईंनी ती पोलीस बघायच्या आत खरवडून काढली. दहा वर्षं तोंडात धरलेलं बोलायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ती स्टोव्हवरचं आधण बघत राहिली. रस्त्यावरून ट्रक जात होते.

"काय लिखेल व्हतं?"

"जवळची वाट."

तिने मान हलवली. "मन्हा सुनीलले वाचता ये," ती म्हणाली. "आम्हना घरमा त्या एकलालेच."

मला तिच्याकडे बघवेना. तिने चहा गाळला आणि कप माझ्यापुढे ठेवला. मी तो पिऊन उठलो तेव्हा तिने विचारलं, "मगनभाई गयात. औंदा तठे कोन बसी?"

"मी," मी म्हणालो.