किटलीनं सांगितलेली खुशाली

गुरुवारी पेपर आला की हिबिनो-सान तो मागून उघडतात. पुढच्या पानावर कोणता मंत्री पडला नि कोणता उभा राहिला, त्याच्याशी त्यांचं देणंघेणं नाही. शेवटून दुसऱ्या पानावर नव्या नव्या यंत्रांच्या बातम्या असतात आणि त्यांच्या खाली वाचकांची चौकट. बातमी वाचून मनात येईल ते पोस्टकार्डावर दोन-तीन ओळींत लिहून पाठवायचं, टोपणनावानं. हिबिनो-सानचं टोपणनाव 'गंजका पाना'. सगळी हयात त्यांनी मागांच्या कारखान्यात पाना फिरवण्यात घालवली. आता आमच्या इचिनोमिया गावात त्या मागांचा खडखडाट नाही आणि कारखान्याच्या जागी गाड्या उभ्या करायचं पटांगण झालंय.

माझ्या कॉफीच्या दुकानात ते खिडकीजवळ बसतात. टोस्टच्या कडा आधी खातात, मधला मऊ भाग नंतर, अंडं शेवटी. समोर ओगुरी न्हावी. गिऱ्हाईक आलं तर बायको हाक मारते म्हणून हाही दिवस उगवल्यापासून इथेच पडीक.

हॉटेलात मांजराच्या तोंडाचं यंत्र जेवण आणून देतं, अशी बातमी आली तेव्हा गंजक्या पान्यानं लिहिलं होतं, 'माझ्या लहानपणी मांजर जेवण पळवायचं. प्रगती ती हीच.' आपोआप उघडणाऱ्या कमोडच्या झाकणाबद्दल लिहिलं, 'मी आत गेलो की ते उठून उभं राहतं. कारखान्यात एवढा मान कुणी दिला नाही.' ते छापून आलं त्या दिवशी ओगुरीला हसता हसता असा ठसका लागला, की त्याची पाठ मी चोळली.

मग त्यांच्या पत्नी फुसाको-सान गेल्या. हिवाळ्यात अंघोळीला बसल्या त्या तिथेच. त्यानंतरही पोस्टकार्डं जात राहिली, पण ओळींचा रंग बदलला. आतलं सामान मोजणाऱ्या फ्रिजची बातमी आली, त्यावर, 'अंडी संपली हे त्याला कळतं. खाणारं माणूस कमी झालं, ते अजून कळलेलं नाही.' बाजारातल्या दुकानांत स्वतःच बिल करायची यंत्रं बसली, त्यावर, 'यंत्र मला धन्यवाद म्हणालं. त्या दिवशी माझ्याशी बोललेलं ते पहिलंच, म्हणून मीही वाकून नमस्कार केला.' लोक त्यालाही हसले. हसण्यासारखं होतंच ते.

मुलगी एकच, मिनाए. लांब सेंदाई शहरात नोकरी करते, लग्न केलेलं नाही. आई गेल्यावर ती दर रविवारी फोन करायची. मग तिनं बापाला एक विजेची किटली पाठवली. ह्या किटलीतून पाणी घेतलं की तिकडे मुलीच्या मोबाईलवर कळतं. म्हातारा उठला, चहा केला, म्हणजे धडधाकट आहे. पहिल्या दिवशी हिबिनो-सान कौतुकानं सांगत होते, "आता मी मेलो तर पयलं किटलीला कळनार."

किटली इमानानं खुशाली कळवायला लागली आणि रविवारचे फोन विरळ होत गेले. मुलगी वाईट नव्हे. रोज सकाळी बापाचा चहा झालेला तिला दिसत होता. विचारायचं काय, हा तिच्यापुढेही प्रश्न असणार.

"मग तूच लाव की फोन," ओगुरी एकदा म्हणाला.

"काय काम काढून लावू?"

"लेकीला फोन लावायला काम कशाला लागतंय?"

"तू लावतोस व्हय तुज्या पोराला?"

ओगुरी कॉफी ढवळत बसला. त्याचा पोरगा तर नागोयात, गाडीनं पंधरा मिनिटांवर.

"फुसाको हुती तवा तीच लावायची," हिबिनो-सान म्हणाले. "तास तास बोलायच्या दोघी. मग मला द्यायची. मी म्हनायचो, बरं हाय न्हवं? ती म्हनायची, बरं हाय. परत फुसाकोच्या हातात. आमचं बोलनं म्हंजे एवढंच."

पावसाळ्याआधी त्यांना तपासणीसाठी उपाशीपोटी दवाखान्यात जायचं होतं. चहा झाला नाही. दवाखान्यातून बाहेर पडतात तोच मोबाईल वाजला. मिनाए. कुठे आहात, काय झालं, पडलात का, डॉक्टर काय म्हणाले, जेवलात का, काय जेवणार. दुसऱ्या दिवशी दुकानात आले तेव्हा हिबिनो-सानचा चेहरा नुकताच दाढी केल्यासारखा दिसत होता, आणि दाढी केलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात ते थर्मास घेऊन आले.

"तोमिए-सान, ह्यात जरा कडकडीत पानी भरून द्या."

"घरची किटली बिघडली का?"

"बिघडली न्हाई. गप बसवलीया आजच्यापुरती."

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी खिडकीबाहेर. मी पाणी भरून दिलं. दुपारी फोन आला असणार, कारण दुसऱ्या दिवशी ते अंडं सोलता सोलता गुणगुणत होते.

असं काही वेळा झालं. रोज नाही, आठ-दहा दिवसांनी एकदा, जसं कुणी गोड खाण्यावर ताबा ठेवतं तसं. सेंदाईत मिनाएला वाटलं, किटलीतच दोष आहे. तिनं कंपनीकडून ती बदलून मागवली. नवी किटली आली, तीही अधूनमधून गप्प बसायला लागली.

"आता म्हनतीया दाराला कायतरी बसवू," हिबिनो-सान म्हणाले. "मी भाईर पडलो की तिला कळंल."

"मग रं?" ओगुरी म्हणाला. "खिडकीतनं उड्या मारनार का ह्या वयात?"

ते हसले. पण त्या दिवशी थर्मास पिशवीतून बाहेर निघाला नाही.

त्याच सुमारास पेपरात बातमी आली की अशा खुशाली कळवणाऱ्या किटल्यांना मागणी वाढली आहे. हिबिनो-साननी ती दोनदा वाचली. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं. पुढच्या गुरुवारी गंजक्या पान्याची ओळ चौकटीत सगळ्यात वर होती. ओगुरीनं मोठ्यानं वाचली.

'किटलीत पाणी उकळलं की परगावच्या लेकीला कळतं, बाप बरा आहे. म्हणून बाप गार पाणी पितो. मग फोन येतो.'

सगळं दुकान हसलं. पलीकडच्या टेबलावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. हिबिनो-सान मान खाली घालून टोस्टची कड मोडत होते, पण कान तांबडे झाले होते खुशीनं.

"लेकीनं वाचलं तर रं?" ओगुरीनं विचारलं.

"आपला पेपर सेंदाईत कोन वाचतंय?"

इतकी वर्षं यंत्रांच्या बातम्या वाचणारा माणूस, पण पेपर मोबाईलवरही निघतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

टोस्ट संपायच्या आत फोन वाजला. ते उठून दाराशी छत्र्यांच्या स्टँडजवळ गेले, दुकानात बोलू नये म्हणून. कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज चढवून ठेवलेला असतो. आम्हाला सगळं ऐकू आलं. मी नळ बंद करून कपबशा विसळायचं थांबले; चोरून ऐकणंच ते, पण मला ऐकायचं होतं.

"बाबा, ऑफिसात एकानं मोबाईलवर वाचून दाखवलं," मिनाए म्हणत होती. "सगळे हसले. मीपण हसले आधी. मग खाली तुमचं टोपणनाव बघितलं."

"व्हय."

"दर वेळी हातातलं काम टाकून मी नंबर लावायची. घंटा वाजत राहायची आणि तुम्ही उचलायचा नाहीत. उगाच उशिरा उचलत होता का?"

हिबिनो-सान स्टँडमधली एक छत्री सरळ करत राहिले.

"एकदा जिन्यात जाऊन रडले मी. एकदा गाडीचं तिकीट काढलं होतं, मग तुम्ही फोन उचललात." सेंदाईला गेल्यापासून शहरी बोलणारी ती पोर, पण आता तिची बोली घरची झाली. "आई न्हानीत पडली तवा तुमी भाईरच्या खोलीत टीवी बगत हुता, बाबा. तासभर कळलं न्हाई कुनाला. म्हनून मी ती किटली घेतली. त्याच्यावर तुमी इनोद करताय."

"व्हय," ते म्हणाले. नंतर फोन कधी बंद झाला ते त्यांनाही कळलं नसावं. कानाला तसाच धरून उभे होते. मग परत येऊन बसले. अंडं खाल्लं नाही.

त्यानंतर किटली एकही दिवस चुकली नाही. पहाटे डोळा उघडला की आधी पाणी, मग तोंड धुणं. कधी कधी चहा पिण्याची इच्छा नसली तरी पाणी घेऊन मोरीत ओततो, असं त्यांनी ओगुरीला सांगितलं. सेंदाईहून काही आलं नाही. फोन नाही, दाराला बसवायचं ते यंत्रही नाही. पेपर ते आता पुढून उघडायचे आणि मधेच मिटायचे. चौकटीत दुसरेच लोक लिहीत होते.

ओगुरीनं डिवचून बघितलं. "आरं, घोरनं मोजनारी उशी निगालीया. लिव की कायतरी."

"मोजू दे तिला."

"हिबिनो, तू असा गप बसलास की माजी कॉफी कडू लागतीया."

"तोमिए-सानला सांग साखर द्यायला."

पानं गळायला लागली. एका गुरुवारी पेपर वाचता वाचता ते नाकातून हसले. स्वतःलाच आश्चर्य वाटल्यासारखे इकडेतिकडे बघायला लागले. भात शिजवणारं भांडं आता माणसाशी बोलतं, अशी बातमी होती. दिवस कसा गेला, भूक आहे का, असं विचारतं.

"काय रं?" ओगुरी पुढे झुकला.

"आमच्यात फुसाको बोलत बसली की भात करपायचा. आता भांडंच बोलत बसनार, मग भाताकडं बगनार कोन?"

ओगुरी टेबलावर थाप मारून हसला. मी काउंटरवरून पेन आणि पोस्टकार्ड आणून ठेवलं. हिबिनो-साननी ते बघितलं, बाजूला सारलं आणि खिशातून मोबाईल काढला. कुणाचं नाव शोधायचं नव्हतं, त्यात दुसरी नावं फारशी नव्हतीच. तरी बोट बराच वेळ वरच राहिलं. मग दाबलं. ह्या वेळी ते दाराशी गेले नाहीत, बहुधा विसरले.

"मिनाए? बाबा बोलतोय. न्हाई, न्हाई, बरा हाय. किटली लावली हुती की सकाळी, बग तू." थोडा वेळ ऐकत राहिले. "काम? हाय ना काम. पेपरात एक बातमी आलीया."

आणि त्यांनी पेपर डोळ्यांपासून लांब धरून ती बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, भांड्याच्या किमतीसकट. तिकडे मागे कुणाकुणाचे आवाज येत होते.

"बाबा," मिनाए म्हणाली, "मी कामावर आहे. माणसं थांबली आहेत माझ्यासाठी."

"व्हय, व्हय. ठेव तू."

"थांबा. त्यावर तुम्ही काय लिहिलंत?"

हिबिनो-साननी ओगुरीकडे बघितलं. ओगुरी तोंड उघडणार होता, त्याला त्यांनी हातानं गप्प केलं.

"अजून सुचलं न्हाई," ते म्हणाले.

"मग सुचलं की सांगा. संध्याकाळी मी तुम्हाला घरी फोन करते."

त्यांनी मोबाईल खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. मला न विचारता पेपरातली ती बातमी फाडली, चार घड्या घातल्या.

"आरं, पर आत्ताच तर तू..." ओगुरी म्हणाला.

"तू गप."

अर्धी कॉफी तशीच टाकून ते घरी निघाले. सकाळचे दहाही वाजले नव्हते.