ब्रेकची जबाबदारी नानांची

नानांची सगळी नोकरी बस डेपोत ब्रेक दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर पान्याला हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण शाळेत गणित शिकवणाऱ्या त्यांच्या सुनेने एक जुनी छोटी गाडी घेतली आणि हौशी लोकांच्या शर्यतीत उतरायचं मनावर घेतलं. मुलगा कामासाठी परगावी होता. त्याने फोनवर एवढंच सांगितलं, की ब्रेक तुम्ही बघा, म्हणजे मला झोप लागेल. तेव्हापासून नानांची झोप उडाली.

बसचे ब्रेक हवेवर चालायचे, हिच्या गाडीचे तेलावर. जिथे हवाच कामाची होती, तिथे आयुष्य काढलेल्या माणसाला आता तेलात शिरलेल्या हवेचा धसका बसला; ती राहिली तर पेडल मऊ पडतं आणि ब्रेक नीट लागत नाही. त्यांनी पॅड, नळ्या, तेल सगळं नवं घातलं. सून सीटवर बसून पेडल दाबायची आणि नाना चाकापाशी आडवे होऊन हवा काढायचे. नळीतले बुडबुडे थांबले तरी त्यांचं समाधान होईना. मग गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर तिला पुन्हा पुन्हा ब्रेक मारायला लावून त्यांनी नवे पॅड घासून बसवून घेतले. टायर तापले की आतला दाब वाढतो, म्हणून हवा जरा कमीच ठेवली.

शर्यतीच्या दिवशी आधी सरावाची फेरी झाली. नाना ट्रॅकच्या कडेच्या जाळीला नाक लावून उभे होते. वळणापाशी सून इतरांच्या मानाने फार आधी ब्रेक मारत होती. पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. मग खटकलं. ही अशी भित्री नव्हे.

गाडी परत आली. करपल्यासारखा वास येत होता. ब्रेक कसे आहेत असं विचारल्यावर ती हेल्मेट काढत म्हणाली, छान आहेत. तिला उतरवून नाना स्वतः आत बसले आणि पेडल दाबलं. ते लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं.

"हे कधीपासून?"

तिने नजर चुकवली. "दुसऱ्या चकरेपासून. तुम्ही इतकी मेहनत घेतलीत नाना, आणि वर काळजी करत बसला असता."

"मी काळजी करणारच. ती काही तुझ्या हातात नाही." नाना गाडीतून उतरले. "घरातलं काय हवं ते माझ्यापासून लपव. ब्रेकचं लपवायचं नाही."

टायर गरम होते तोवरच त्यांनी आतला दाब पाहून थोडी हवा सोडली. चाकं निवल्यावर नाना पुन्हा जमिनीवर आडवे झाले. पुढच्या डाव्या चाकाच्या नळीतून बुडबुड्यांची माळच निघाली. ब्रेकच्या उष्णतेने तेल उकळलं होतं. शेजारच्या गाडीवाल्याने जास्त उष्णता सोसणारं तेल दिलं. चारही चाकांचं तेल बदलेपर्यंत शर्यतीची हाक आली होती.

"नको जाऊ म्हणालात तर नाही जाणार," सून म्हणाली.

नानांनी पेडल हाताने दाबलं, पायाने दाबलं, पुन्हा हाताने दाबलं. "जा," ते म्हणाले. "पण पेडल मऊ लागलं की लगेच परत यायचं."

ती शेवटून दुसरी आली. गाडी थांबताच खिडकीतून हात बाहेर काढून तिने मूठ आवळून दाखवली: पेडल शेवटपर्यंत घट्ट होतं. नानांनी मान हलवली आणि तिथेच रचलेल्या टायरवर बसकण मारली.