मोहाखालची आग

माझी मुलगी आता कॉलेजात जाते, तरी ती श्वास घेते तेव्हा मी ऐकते. ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसली की माझा हात कणकेतच थांबतो आणि कान तिकडे लागतात. छातीत शिट्टी वाजते आहे का? घरघर आहे का? की नुसताच पंखा कुरकुरतोय? "आई, तू पुन्हा दाराशी उभी राहून ऐकून राहिली ना?" ती आतून ओरडते. मी म्हणते, झाडू शोधून राहिली. आमच्या घरात झाडू जितका हरवतो तितका कुणाच्याच घरात हरवत नसेल.

मी मूळची गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरची. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अशा गोंदियाच्या रिवाजात वाढले. बारावी झाले आणि लग्न होऊन अर्जुनी मोरगावच्या पलीकडल्या एका गावात आले. गाव संपलं की तलाव, तलाव संपला की जंगल. नवरा गोंदियालाच राइस मिलमध्ये कामाला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. घरात आठवडाभर आम्ही तिघीच: मी, मुलगी आणि सासू. सासूला मी आत्या म्हणायचे. त्या मला 'शहरची मॅडम' म्हणायच्या. चिडवत म्हणायच्या, पण मी खरोखरच चिडायचे.

मार्च लागला की आमचं गाव धुरात जायचं. जंगलातली मोहाची झाडं सरकारची, पण कोणतं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या घराची तीन झाडं होती. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि खाली वाळक्या पानांचा गुडघाभर थर असतो. त्या पानांत फुलं शोधायची म्हणजे कंबर मोडते. म्हणून फुलं गळायला लागायच्या आधी घरोघरची बाई आपापल्या झाडाखालचा पाला पेटवून देते. जमीन काळी होते आणि त्यावर पिवळसर फुलं लांबूनही दिसतात. वेचायला सोपं जातं. त्यातली एखादी आग पुढे सरकते, जंगलातला डोंगर पेटतो, आणि मग आठ-आठ दिवस तलावाचा पलीकडला काठ दिसत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांना वास येतो, अंगणवाडीतल्या पोरांचे डोळे लाल होतात, शेजारचे म्हातारबा ओसरीवर बसून खोकत राहतात.

आणि माझ्या मुलीची छाती भरायची. तिला दमा आहे हे ती तीन वर्षांची असताना कळलं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं: धुरातली बारीक राख दिसत नाही, पण ती छातीत खोल जाते, श्वासाच्या नळ्या आतून सुजतात आणि हवा आत-बाहेर होत नाही. "धुरापासून जपा," त्या म्हणाल्या. धुराच्या गावात राहून धुरापासून जपायचं! मी दारा-खिडक्यांवर ओल्या साड्या टांगायचे, दर तासाला त्या पुन्हा भिजवायचे, खिडकी लावायचे, कोंडल्यासारखं झालं की उघडायचे, धूर आला की पुन्हा लावायचे. एका जागी बसणं मला त्या महिन्यात जमायचंच नाही.

साहजिकच माझा सगळा राग आत्यांवर. त्याही दरवर्षी पाला पेटवायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. "घरात दम्याची पोर आहे आणि तुम्ही काडी लावता?" मी म्हणायचे. त्या शांतपणे म्हणायच्या, "माजी आग झाडाखालीच राहते बाई. पुढं जाऊन नाही राहिली आजवर." मला ती निव्वळ मखलाशी वाटायची. बचत गटाच्या बैठकीत मी उभी राहून भाषणसुद्धा दिलं, की या चालीपायी आपण आपल्याच पोरांच्या छातीत धूर भरतो. बायका ऐकून घेऊन गालात हसल्या. एक म्हणाली, "तू झाडूनं झाडून वेचून दाखव ना मंग." मी म्हटलं, दाखवीनच.

मुलगी सहा वर्षांची होती त्या वर्षी संधी आली. ऐन मोहाच्या वेळी आत्यांना ताप चढला आणि त्यांनी अंथरूण धरलं. झाडांखालचा पाला अजून तसाच होता. मी खराटा घेऊन गेले. पहिल्या दिवशी अर्ध्या झाडाखालचं झाडून झालं आणि तळहातांना फोड आले. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं निम्मा पाला परत आणून टाकलेला. शेजारच्या झाडांखाली बायका काळ्या जमिनीवरून भराभर फुलं टिपून टोपले भरून निघूनही गेल्या होत्या. जाताना त्यातली एक म्हणाली, "मॅडमचं झाडणं चालूच आहे का?" आमची फुलं पानांत सडत होती, गुरं येऊन खात होती. घरी तापलेली सासू आणि एकटी पोर. तिसऱ्या दिवशी निघताना मी चुलीजवळची माचिस कमरेला खोचली. का खोचली, असं स्वतःला विचारलं नाही. माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही.

सकाळचे नऊ वाजून गेले असतील. ऊन तापलं होतं. मी दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी काडी लावली.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? जे दोन दिवसांत झालं नव्हतं ते डोळ्यांसमोर होत होतं. मग वारा सुटला. ज्वाळ झाडाखालून निघाली आणि पानापानावरून चालत पुढे गेली, घाई न करता. मी पळसाची फांदी तोडून झोडपायला लागले. एका बाजूला विझवलं की दुसऱ्या बाजूनं सरके. साडीचा काठ करपला. धुरानं डोळे मिटायला लागले, खोकला थांबेना, आणि समोरच्या उतारावरची बांबूची बेटं फटाफट फुटायला लागली तेव्हा मी फांदी टाकून घराकडे पळाले. गावात कुणाला हाक मारली नाही. ही गोष्ट मी स्वतःला सगळ्यात कमी माफ करते.

घरात आत्या खाटेवर पडल्या होत्या. मी आत शिरले तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. धुराचा वास तर होताच. त्यांनी एवढंच विचारलं, "कड झाडली होती का वो?"

"कोणती कड?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग तुटक तुटक सांगितलं, आणि मला तेव्हा कळलं. पेटवायच्या आधी झाडाभोवती हातभर रुंद पट्टा पार मातीपर्यंत झाडून घ्यायचा असतो. आणि काडी लावायची ती उजाडताना, पानांवर दहिवर असताना, वारा नसताना. मग ओली फांदी हातात घेऊन शेवटची ठिणगी विझेपर्यंत उभं राहायचं. इतकी वर्षं आत्या हे सगळं करत होत्या आणि मी फक्त 'आग लावतात' एवढंच पाहिलं होतं. भांडण्यात इतकी गुंतलेली की बघायचं राहून गेलं.

डोंगर चार दिवस जळला. वनखात्याची माणसं, गावातले तरुण, सगळे फांद्या घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीची छाती भरली. नेहमीसारखी नाही. नाकपुड्या फुललेल्या, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, गळ्याखाली खड्डा पडायचा. तिला बोलता येईना. "आ" म्हणायची आणि "ई" म्हणायला श्वास पुरायचा नाही. ओठांचा रंग बदलला तेव्हा मी तिला उचलून शेजारी धावले. शेजाऱ्यानं मोटरसायकल काढली, मी तिला मध्ये धरून बसले, आणि अर्जुनीपर्यंतच्या त्या रस्त्यावर मी एकच करत होते, तिचा श्वास मोजत होते. चुकला की पुन्हा एकपासून.

रुग्णालयात तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ दिली. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या वाफेनंतर गळ्याखालचा खड्डा थोडा उथळ झाला. संध्याकाळच्या आधी नवरा गोंदियाहून पोचला, आणि त्याच्या मागोमाग आत्या. ताप अंगात घेऊन बसनं आलेल्या.

नवऱ्यानं पोरीकडे पाहिलं आणि आईवरच फुटला. "माय, तुले कितीदा सांगतलं? आपल्याच झाडापासून पेटली म्हणते सारं गाव! पोरगी मेली असती त?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार होते, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. नव्हते उघडणार.

"मीनंच लावली," आत्या म्हणाल्या. "चूक झाली माजी."

मास्कच्या वरून दोन डोळे आजीकडे बघत होते. पोर सगळं ऐकत होती.

वनरक्षक चौकशीला आला तेव्हाही आत्या हात जोडून तेच म्हणाल्या, वर सुनेचं झाडणं पुरं होईना म्हणून ताप असूनही मीच गेले, असंही. त्या दरवर्षी पेटवतात हे गावाला ठाऊकच होतं, कुणी दुसरं काही विचारलं नाही. बचत गटातल्या बायका माझी समजूत काढायला आल्या. म्हणाल्या, तू खरंच सांगत होतीस, म्हातारीनं ऐकलं नाही. मी त्यांना चहा केला.

मुलगी बरी झाली, म्हणजे दम्याचं माणूस होतं तितपत. पण आधी जी आजीच्या कुशीतच झोपायची, वेणी आजीच्याच हातची लागायची, ती आता आजीला हात लावू देईना. "तू आग लावली," म्हणायची. आत्या फणी खाली ठेवायच्या. दिवस गेले तशी ती बोलायला लागली, पण आधीसारखं काही झालं नाही. पुढच्या वर्षीपासून आत्यांनी तिन्ही झाडं खराट्यानं झाडली. वाकून, थांबून थांबून. मीही सोबत झाडायचे. आम्ही दोघी त्याबद्दल कधीच बोललो नाही.

एकदाच बोललो. मुलगी नववीत होती, आत्या पुन्हा अंथरुणाला खिळल्या होत्या आणि या खेपेला उठणार नाहीत हे दिसत होतं. मी त्यांचे पाय चेपत होते. म्हटलं, "आत्या, मी तिला सांगते. आजच सांगते."

"आता कायले?" त्या म्हणाल्या. "पोरीले माय लागते. आजी असली का, नसली का."

मी खूप रडले. आणि मोकळी झाले, हेही खरं. परवानगी मिळाल्यासारखी मोकळी झाले, आणि त्या मोकळेपणाची मला अजून लाज वाटते. आत्या गेल्या. मुलीनं चार दिवस विहारात माझ्यासोबत बसून सगळं नीट केलं, पण रडली नाही.

मुलीच्या कॉलेजासाठी आम्ही गोंदियात दोन खोल्या घेतल्या. गेल्या हिवाळ्यात तिला पुन्हा त्रास झाला तेव्हा मी तिला एका नव्या डॉक्टरांकडे नेलं. ते नीट चौकशी करणारे. विचारत होते आणि लिहीत होते. घरात कुणाला दमा? चूल होती का? लहानपणी कधी धुराचा मोठा त्रास?

"हो," मुलगी म्हणाली. "मी सहा वर्षांची असताना. माझ्या आजीनं मोहाखाली आग लावली होती, सगळं जंगल पेटलं. तेव्हापासून जास्त झालं."

डॉक्टरांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "असंच झालं होतं ना, ताई?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचा श्वास त्या वेळी अगदी साफ चालला होता, मी ऐकत होते.

"हो," मी म्हटलं. "तिच्या आजीनंच."