कोरफड की घोरपड

मी कोरफडीला हो म्हटलं होतं. घोरपडीला नाही.

हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं, पण कुणाचा विश्वास बसत नाही. तर झालं असं, की आमच्या ऑफिसातल्या कुलकर्ण्यांचा फोन आला तेव्हा मी दुबईत, बर दुबई भागातल्या रस्त्यावर होतो. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात हॉर्न. (आडनाव घोरपडे असतं तर मी निदान सावध राहिलो असतो. पण कुलकर्णी! शारजात राहून रोज डब्यात थालीपीठ आणणारा माणूस.)

"डिमेलो, आईचं ऑपरेशन आहे, सांगलीला निघतोय. आमची कोरफड सांभाळाल का?"

मला ऐकू आलं ते हे.

"अहो, त्यात काय विचारायचं? बाल्कनी रिकामीच आहे," मी म्हटलं.

"ऊन लागतं तिला भरपूर. आणि जरा जपून हं, नखं आहेत."

"काटे असायचेच," मी समजूतदारपणे म्हणालो. "केवढी झालीय?"

"चार फूट."

"वा! खत काय घालता?"

"तेच तर चुकलं. फार सुटलीय. डॉक्टरांनी डाएट दिलाय."

झाडाला डॉक्टर? पण दुबईत कशालाही डॉक्टर मिळतो, असा विचार करून मी "इन्शाल्ला, मस्त होईल" असं म्हटलं आणि फोन ठेवला. घरी येऊन बायकोला, फिलूला, सांगितलं. फिलूने तेवढ्यात तीन मैत्रिणींना कोरफडीची पानं द्यायचं कबूलसुद्धा करून टाकलं.

शनिवारी कुलकर्णी आले. मागून दोन माणसं कपाटाएवढी काचेची पेटी घेऊन, "यल्ला, यल्ला" अशी एकमेकांना घाई करत आमच्या करामा भागातल्या दोन खोल्यांत शिरली. फिलू हातात कात्री घेऊन तयार उभी होती. पेटीतून एक जाडजूड डोकं वर आलं, त्यातून लांब, दुभंगलेली जीभ बाहेर आली आणि आत गेली.

"पानं कुठायत?" फिलूने विचारलं.

"ही कुमुद," कुलकर्णी म्हणाले.

माझी मुलगी रिया मोबाइल टाकून धावत आली. "ओ माय गॉड, पपा, यू गॉट अस अ मॉनिटर लिझर्ड?" माझ्याकडे इतक्या आदराने तिने आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या एका नजरेपायी मी गप्प बसलो, नाहीतर तिथल्या तिथे खुलासा केला असता.

कुलकर्ण्यांनी हात जोडले. परवाना वगैरे सगळं रीतसर होतं. भानगड होती ती पोटाची. कुमुदचं पोट जमिनीला टेकत होतं, मानेला वळ्या पडल्या होत्या. "मी स्वतः अंडंही खात नाही हो. मला वाटायचं, मांसाहारी जीव आहे, तर त्यातल्या त्यात सात्त्विक म्हणजे अंडं. रोज चार उकडून द्यायचो, रविवारी खिमा. डॉक्टर म्हणाल्या, यकृतावर चरबी चढलीय. असंच चाललं तर ती जगायची नाही." त्यांनी पेटीच्या काचेवर हात ठेवला. "माझ्या लाडानेच झालं हे. मी परत येईपर्यंत तिचं वजन उतरलं पाहिजे, डिमेलो."

आता अशा वेळी माणूस काय म्हणणार, की मला कोरफड वाटली?

डाएट सोपा होता. अंडी, खिमा खलास. किडे, गोगलगायी, कधीतरी अख्खा छोटा मासा. तेही आठवड्यातून दोनदाच. आणि ताट समोर ठेवायचं नाही, अन्न शोधत तिने चाललं पाहिजे.

"घरी आलेल्या पाहुणीला किडे?" फिलू भडकली. आम्ही वसईची माणसं. आमच्याकडे पाहुणा जेवून उठला की त्याला पुन्हा बसवतात. तिने ताजी मांदेली आणली. कुमुदने जीभ लावली आणि डोळे मिटून घेतले. गोगलगायी आणल्या, त्यांच्यावरून ती शांतपणे चालत गेली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "नवीन जागा आहे, थोडी वाट बघा." वाट बघितली. पाहुणी उपाशीच.

कुलकर्णी रोज सांगलीहून विचारायचे, "जेवली का?" मी म्हणायचो, "थोडं थोडं चाललंय." हे अगदीच खोटं नव्हतं. कारण मी गुपचूप एक ट्रे अंडी आणली होती. जीव जाण्यापेक्षा अंडं परवडलं, असा माझा हिशोब. रोज ऑफिसातून आलो की एक अंडं उकडून कुमुदच्या नाकासमोर धरायचं. ती माझ्याकडे बघायची, अंड्याकडे बघायची आणि मान फिरवायची. समोर उकडलेलं अंडं असताना मान फिरवणारा जीव आमच्या कुटुंबात मी पहिल्यांदा पाहिला. मी मनोमन तिला हात जोडायचो आणि अंडं वाया जाऊ नये म्हणून मीठ-मिरपूड लावून खाऊन टाकायचो. मग एकाची दोन झाली. (सोलताना एक फुटायचंच.)

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झुरळं द्या. दुकानात मिळतात. वर कॅल्शियमची पावडर भुरभुरवा."

करामाच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहणारा माणूस दुकानात जाऊन, रांगेत उभा राहून, झुरळं विकत आणतो. ह्यावर फिलू जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो, की त्यात माझ्या आईचं नाव होतं.

मी पेटीचं दार उघडलं, झुरळांच्या डब्याचं झाकण काढलं आणि पावडर भुरभुरवली. पावडर माझ्या नाकात गेली. मी शिंकलो. डबा उडाला.

पुढच्या क्षणी झुरळं सोफ्याखाली, टीव्हीमागे, चपलांच्या स्टँडमध्ये. फिलू सोफ्यावर उभी राहून येशूचा धावा करत होती. रिया व्हिडिओ काढत होती. आणि इतके दिवस दगडासारखी पडून राहिलेली कुमुद उठली.

काय सांगू तुम्हाला! ते अवजड धूड पेटीतून बाहेर आलं, पोट जमिनीवरून उचललं आणि चार पायांवर ताठ उभं राहिलं. जीभ आत-बाहेर करत तिने हवेचा अंदाज घेतला आणि निघाली. घाई नाही, गडबड नाही. सोफ्याखाली एक, पडद्यामागे दोन. टीव्हीमागून शेपटीने वायर बाजूला सारून चौथं. आम्ही तिघंही बघत होतो. आपलं काम इतकं नीट येणारा कुणी मी आमच्या ऑफिसातसुद्धा बघितलेला नाही.

एकदम मला शंका आली. घरातल्या झुरळांवर औषध मारलेलं असलं तर? मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्याही घाबरल्या. "स्प्रे केला होता का? जेल लावलं होतं का? घरातलं एखादं तिने खाल्लं तर कठीण आहे."

फिलूने सोफ्यावरूनच फोन हिसकावला. "डॉक्टर, मी औषध वापरत नाही, चप्पल वापरते. आणि माझ्या घरात घरचं एकही झुरळ नाही. आहेत ती सगळी विकतची."

त्या दिवसापासून फिलू पालटली. बाजारातून झुरळं तीच आणू लागली. आठवड्यातून दोनदा खुर्चीमागे, पडद्याखाली स्वतः लपवून ठेवायची आणि म्हणायची, "जा गं बाय, शोध." कुमुद हॉलमध्ये फेऱ्या मारायची, पोट भरलं की थांबायची आणि बाल्कनीच्या उन्हात जाऊन पडायची. फिलू तिच्याकडे बघून मला म्हणायची, "बघ, पोट भरल्यावर थांबतात." मी दुसरं अंडं सोलत असायचो.

कुलकर्णी परत आले तेव्हा त्यांची आई बरी होती आणि कुमुदच्या पोटाखालून हात जात होता. डॉक्टरीणबाईंनी वजन बघून आमचं कौतुक केलं. कुलकर्णी रडले, त्यांना बघून फिलू रडली. रिया म्हणाली, "पपा, यू आर अ लेजंड." आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

तो पुढच्या आठवड्यापर्यंत टिकला. ऑफिसची मेडिकल झाली. डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले, "मिस्टर डिमेलो, यकृतावर चरबी चढलीय. अंडी फार खाता का?"

फिलू शेजारीच बसली होती. तिने पुढचं काही ऐकलंच नाही. तिला डाएट पाठ होता. आता आमच्या घरात अंडी खलास. ताट समोर येत नाही. भाकरीचा डबा कधी टीव्हीमागे असतो, कधी चपलांच्या स्टँडवर. मी शोधत फिरतो आणि ती सोफ्यावर बसून म्हणते, "जा रे बाबा, शोध."

कुलकर्ण्यांनी आभार म्हणून एक मोठी कुंडी पाठवली. "तुम्ही बाल्कनी रिकामी आहे म्हणाला होतात ना," असं चिठ्ठीत लिहिलं होतं. रोज सकाळी फिलू कात्रीने त्यातलं एक पान कापते, रस काढते आणि ग्लास माझ्या नाकासमोर धरते. मी तिच्याकडे बघतो, ग्लासाकडे बघतो आणि मान फिरवतो.

थोडक्यात काय, मी ज्या कोरफडीला हो म्हटलं होतं ती शेवटी घरी आली. घोरपडही घरातच आहे, फक्त तिचं नाव आता कुमुद नाही.