खडखडत्या पंख्यासमोरची बैठक

धोटे,

तुझ्या त्या ध्यानवर्गाच्या बाई काल येऊन गेल्या. वर्गाच्या खोलीत तुझा फोटो लावणार आहेत म्हणे, आणि खाली लिहायला तुझ्याबद्दल चार ओळी हव्यात. ‘अढळ बैठक’ हे शब्द त्यांनी घरूनच ठरवून आणले होते. मी चार ओळी दिल्या आणि त्यांना वाटेला लावलं. खरं जे होतं ते चार ओळींत मावणारं नव्हतं. आता माझा भाऊही राहिला नाही, तेव्हा लपवायचं तरी कोणापासून? म्हणून हे तुलाच सांगते. बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकू दे.

तू भावाची बायको होऊन घरात आलीस तेव्हा मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि तू गिरणीत साच्यांवर होतीस. साचे म्हणजे कापड विणणारी यंत्रं. त्यांत सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा असतो. तू साच्यांमधून तशीच पळायचीस, म्हणून तिथल्या बायकांनी तुला धोटी केलं आणि ते नाव तुझ्या मागोमाग घरी आलं. त्या खात्यात कानाशी केकाटलं तरी ऐकू जात नसे, म्हणून तुम्ही सगळे आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचात. तू आणि भाऊ घरीसुद्धा माझ्यासमोर तसेच सुरू व्हायचात. मला वाटायचं, माझीच उणीदुणी काढताय.

“तुमचीच काढत होतो ताई,” तू म्हणायचीस, “पण प्रेमानं.”

भाऊ त्याच खात्यात फिटर. यंत्र कुठं खडखडलं की त्याचा जीव खालीवर. कोणाकडे जेवायला गेला तरी दाराच्या बिजागरीला तेल घालून यायचा. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या रांगेत तुला लावलं ते त्यानंच. ती रांग त्याच्याकडे होती, बायको नजरेसमोर राहील एवढाच हिशेब.

तू नोकरीतून मोकळी झालीस आणि कानात शिट्टी सुरू झाली. खरं तर ती आधीपासून असणार, साच्यांच्या आवाजाखाली दबलेली. कानाचे डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही. सवय करून घ्या, रोज सकाळी शांत बसत जा. भावाला तू यातलं अक्षर कळू दिलं नाहीस.

“त्या रांगेत त्यांनी लावलं मला. कळलं तर अन्न गोड लागायचं नाही त्यांना,” म्हणालीस आणि मला शपथ घातलीस. बायको ध्यानाला बसते एवढंच त्याला माहीत, आणि त्याचा केवढा अभिमान.

डोळे मिटून बसण्यात मला कधी राम वाटला नाही. पण पहिल्या दिवशी तुला सोबत म्हणून वर्गात आले. बाई म्हणाल्या, डोळे मिटा. मिटलेस. तिथंच सगळं संपलं, कारण साच्यांनी तुझे कान अर्धे नेले होते आणि लोकांचं बोलणं तू ओठांवरून वाचायचीस. श्वासाकडे बघा, विचार येतील तसे जाऊ द्या, असं बाई किती गोड आवाजात सांगत होत्या, आणि तुझ्यापर्यंत त्यातला एक शब्द पोचत नव्हता. शेवटी त्यांनी छोटी घंटा वाजवली. लोक उठले, सतरंज्या गुंडाळल्या, चपला घातल्या. तू बसलेलीच. बाई तुझ्यासमोर येऊन थांबल्या.

“बघा,” त्या सगळ्यांना हलकेच म्हणाल्या, “याला म्हणतात बुडून जाणं.”

मी खांद्याला हात लावला तेव्हा तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, “झालं? मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय.”

तेही बाईंना फार खोल वाटलं.

तिथून तू अडकलीस. कोणी कंटाळून येईनासं झालं की बाई तुझं उदाहरण द्यायच्या. नवीन मंडळी तुला विचारायची, रोज बसायची इच्छा टिकवता कशी? “इच्छेला विचारतंय कोण,” तू म्हणायचीस, आणि लोक माना डोलवायचे. एकदा घरी येताना तू मला म्हणालीस, “मन लागत नाही म्हणतात सगळे. माझं तर लगेच लागतं ताई. शिट्टीला.”

“मग सोडून दे. कोणी बांधून घातलंय?”

“सोडलं तर दिवसभर तिच्यापासून पळायचं. एकदा तरी तिच्याशेजारी गप बसता यायला हवं मला. नाहीतर वेड लागेल.”

हे तू हसून म्हणाली नव्हतीस.

घरी मात्र तुला एक वाट सापडली होती. खिडकीजवळचा जुना टेबलफॅन. जाळी सैल, पातं तिला घासायचं, आणि मान वळवताना दर खेपेला कटकट. साच्याचा ताल आहे म्हणायचीस. सकाळी तो लावून समोर बसलीस की त्या खडखडाटात शिट्टी विरून जायची. ऐन थंडीत अंगावर शाल घेऊन पंखा लावून बसलेलं तुला मी पाहिलं आहे. कपाळावरची आठी तेवढ्यापुरती गेलेली असायची.

मग तू बहिणीकडे राहायला गेलीस आणि भावाने तो पंखा उघडला. जाळी आवळली, पातं सरळ केलं, बेअरिंग बदललं. तू परत आलीस तेव्हा मी तिथंच होते. त्याने बटण दाबलं. पातं गरगरत होतं आणि खोलीत चकार आवाज नव्हता.

“इतकी वर्षं त्या खटाऱ्यासमोर बसलीस आणि एका शब्दानं बोलली नाहीस,” तो तुझ्याकडे तोंड करून म्हणाला. “आता बस निवांत.”

“छान झालाय,” तू म्हणालीस आणि आत गेलीस. मी मागोमाग आले तर तू नळाखाली पातेलं धरून उभी होतीस, आणि ते केव्हाचं भरून वाहत होतं.

“सांगून टाक त्याला.”

“काय सांगू? पुन्हा बिघडवा म्हणून?”

मी गुपचूप एक स्क्रू सैल करून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याने तो घट्ट केला. तू रेडिओची नुसती खरखर लावून बसलीस, तर त्याने येऊन नीट स्टेशन लावून दिलं. यापुढे त्या माणसाला काय सांगणार? जागा बदलू नका, वेळ बदलू नका, असं बाईंनी तुला समोर बसवून सांगितलं होतं. ते तेवढं तुला नीट वाचता आलं होतं. तू त्याच जागी, त्या मुक्या पंख्यासमोर रोज बसत राहिलीस, आणि उठायचीस ती मारामारी करून आल्यासारखी.

“काय मिळतं यातून?” मी चिडून विचारलं.

“काही नाही.”

“मग?”

“उद्या मिळालं तर?”

शेवटी मीच तोडगा काढला. पुलापलीकडच्या जुन्या बाजारात मोडक्या पंख्यांचा ढीग असतो. एक खडखडणारा घ्यायचा, माझ्या घरी ठेवायचा, आणि भावाला सांगायचं, ताईला सकाळी सोबत लागते.

“चालवून बघून घेऊ,” तू म्हणालीस. “चांगला दाखवला की नाक मुरडायचं. दुकानदार म्हणेल, म्हाताऱ्या कामातून गेल्या.”

किती दिवसांनी हसलीस. शनिवारी जायचं ठरलं. एका शनिवारी माझ्या डोळ्यांचे डॉक्टर आडवे आले, एका शनिवारी तुझा गुडघा, एकदा तर बाजारच बंद. आता येत्या शनिवारी नक्की, असं ठरलं आणि तू बाथरूममध्ये पडलीस.

हॉस्पिटलच्या त्या खोलीचं दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही आत येत नसे. “बरं झालं, शांत खोली मिळाली. तिला शांतता लागते,” भाऊ नर्सला सांगत होता. तू छताकडे बघत होतीस. तोंडातून आवाज निघत नव्हता, पण ओठ हलत होते, गिरणीत हलायचे तसे. मला काही वाचता येईना. भाऊ वाकून तुझ्या तोंडाकडे बघत राहिला.

“शनिवार म्हणतेय,” तो म्हणाला. “शनिवारी काय आहे ताई?”

“काही नाही,” मी म्हटलं. “बाजारात जायचं होतं आम्हाला.”