कुयलीला दिलेलं आवतन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगात येणाऱ्या बायका खूप पाहिल्या; पुढे चहा ठेवला की अंगातलं निघून जातं. मी चौथी शिकलेली, वय सत्तरीच्या पुढे. हे वहीत लिहिलं आहे, नातसून मोबाइलवर उतरवून टाकते आहे. कोणाला कारण माहीत असेल तर सांगा... दिलासा नको.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात. गोरेगावची जीप जिथे वळते, तिथल्या माळावर देशी झाडांची सरकारी बाग आहे. गुलाब-बिलाब नाही. पळस, धावडा, मेडशिंगी, तरवड — आपल्याच माळावरचं आणि ओढ्याकाठचं, पण ओळीत लावलेलं, प्रत्येकापुढे नावाची पाटी. शाळांच्या सहली येतात.

त्या बागेतलं निम्म्याहून जास्त बियाणं माझ्या मोठ्या नणंदेने आणलं. वच्छलाबाई तिचं नाव, आम्ही अक्का म्हणायचो. तरुणपणी नवरा गेला, माहेरी आली ती आमच्यातच राहिली. माळावरचा पाला न् पाला तिला ठाऊक. बागेच्या साहेबाला ती झाडं दाखवायची, तो वहीत लिहून घ्यायचा. साहेबाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला घाबरून नव्हे. शेवटी कळेल.

औषधाचं झाड तोडायची अक्काची एक रीत होती. आदल्या दिवशी ऊन उतरलं की ती झाडाच्या बुडाशी हळदीच्या अक्षता ठेवायची आणि त्याला आवतन द्यायची — जेवायला बोलावतात तसं. "उद्या घरी ये माय. शेजारच्या शेवंताच्या हाताला कंप हाय. कंप थांबला की तू मोकळी." दुसऱ्या दिवशी सकाळी, आपली सावली झाडावर पडू न देता, हवं तेवढं तोडायचं. मी हसायची. ती म्हणायची, "हस तू. पन नाव सांगावं आन् कामबी सांगावं. काम न्हाई सांगितलं तर त्यानं परत जावं कवा?"

मी एका कानाने ऐकलं आणि सोडून दिलं.

मागच्या आषाढात बागेच्या खोलीतून बियांची काही पाकिटं गेली. कोणी नेली, आजही माहीत नाही. त्याच दिवशी अक्का घरून ओटीत कुयलीचं बी घेऊन आली होती, कुंपणाला लावायला. कुयली म्हणजे खाजेची वेल. शेंगेवरची तपकिरी लव लागली की माणूस कातडं ओरबाडतो, पण तिचं बी हाताच्या कंपावर औषध. साहेबासोबत शहरातले पाहुणे होते. त्याने अक्काला गेटपाशी थांबवलं, म्हणाला ओटी झाड.

बाईला चार माणसांत ओटी झाडायला लावणं म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको.

अक्काने झाडली. बिया फरशीवर टपटप पडल्या. ती म्हणाली, "साहेब, हे मी आणून राहिले, नेऊन न्हाई राहिले."

तो म्हणाला, "आणतेस की नेतेस, मला कसं कळणार?" पाहुणे हसले.

मी पण तिथे निंदणीला होते. दहा पावलांवर, हातात खुरपं. तोंड उघडलं नाही. रोज बुडेल म्हणून. हे आजवर घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

पडलेल्या बिया मी गोळा करून कुंपणाला लावल्या, उरलेल्या तिच्या बियांच्या गाठोड्यात बांधून ठेवल्या. अक्का परत बागेत गेली नाही. माळावरही गेली नाही. अंगणात बसायची, आणि वाटेने कोणी गेलं की ओटी हाताने झाकून धरायची. फाल्गुनात गेली. डॉक्टर म्हणाला, वय झालं होतं. असेल.

वेल मात्र कुंपणभर चढली होती. माघात सहलीच्या लेकरांना खाज सुटली, तेव्हा साहेबाने ती मुळासकट उपटून जाळली. नुसता खड्डा राहिला. चैत्रात औषधी झाडांच्या भागात नवी मोठी पाटी लागली: संकलन व संशोधन — खाली एकट्या साहेबाचं नाव.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी घरून अक्षता आणल्या. ऊन उतरल्यावर त्या रिकाम्या खड्ड्यात टाकल्या आणि साहेबाचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं नीट घेऊन म्हटलं, "उद्या त्याच्या घरी जा." विश्वास होता म्हणून नाही. रागाला कुठे तरी ठेवायचं होतं. सोबतची पारू हसली, "काहून वं मामी, खड्ड्याला पंगतीला बोलावून राहिल्या का?"

दुसऱ्या दिवशी साहेब खाजवतच आला. दोन्ही हात, मग मान, मग पाठ. हिंगोली झाली, नांदेड झालं. वॉचमनने सांगितलं, डॉक्टरने भिंग लावून चिमट्याने कातडीतून तपकिरी लव काढली आणि विचारलं, कुयलीत गेला होतात का? अहो, चैत्रात कुयलीला शेंग कुठली? वेल तर जळून गेलेली. बायको-पोरगी त्याच अंथरुणावर, त्यांना काही नाही. त्याने अंथरूण बदललं, घर बदललं. रोज नवी लव निघायची.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? दोन घास जास्त जेवले.

वैशाखात तो भर दुपारी आमच्या दारात आला. हाताला ओली फडकी. पारूने सांगितलं असणार. म्हणाला, "मावशी, जे काय केलं ते परत घ्या. झोप नाही हो मला."

मी म्हटलं, "आदी गेटवर चला. जिथं ओटी झाडाया लावली, तिथं उभं राहून सांगा, वच्छलाबाई चोर नव्हती. मंग परत घेते."

आला. निंदणीच्या सगळ्या बायका, वॉचमन, जीपमधून उतरलेली माणसं उभी होती. तो खाली बघून म्हणाला, "वच्छलाबाई चोर नव्हती. बागेतलं बी तिचं आहे." पारू रडली. मी नाही रडले. मी त्याची बोटं बघत होते. ती थांबली नव्हती.

मी शब्द दिला होता, म्हणून त्याच दिवशी खड्ड्यापाशी अक्षता घेऊन बसले. परत ये म्हटलं. पण काय झालं की ये, हे सांगता येईना. मी नाव सांगितलं होतं. काम सांगायचंच राहिलं होतं.

साहेब बदली घेऊन गेला. अजून खाजवतो म्हणतात. त्याच्या अंगावर ती लव कुठून येते, मला माहीत नाही. पस्तावा होतो का, ते मात्र विचारू नका.

अक्काचं बियांचं गाठोडं माझ्या उशापाशी खुंटीला आहे, त्यात कुयलीचं बी आहे. हे लिहिलं ते त्याच्याखाली बसून. म्हणून साहेबाचं नाव लिहिलं नाही; पारू, शेवंता ही नावंही खरी नाहीत. आता त्या गाठोड्यापुढे मी कोणाचंच नाव घेत नाही. नातवाला हाक मारायची तरी अंगणात जाते.